आपली पोरगी तिथं हाय

चिखलीतल्या ज्या साड्यांच्या दुकानात मी आता बसते, तिथं दर थोड्या दिवसांनी एखादी बाई ओळख काढतेच. "तू नर्स होती ना व? मंग इथं काऊन?" मी काठाची घडी उलगडत सांगते, नाइट ड्युटी जमत नव्हती. कोणाला सांगते, पगार फार कमी होता. कोणाला सांगते, पाठ धरली. लोकांना तिन्ही उत्तरं पटतात, कारण तिन्ही खरी आहेत. नाइट ड्युटी कोणालाच जमत नाही, तो पगार कोणालाच पुरत नाही आणि पाठ सगळ्यांचीच धरते. माझ्या बॅचमधल्या बऱ्याच मुली ह्याच कारणांनी बाहेर पडल्या. एक बँकेत चिकटली, एक तलाठ्याच्या परीक्षेला बसते आहे. एकीच्या सासूला सून नर्सच हवी होती, पण फक्त सासूपुरती.

मी मात्र यातल्या कशानंही नोकरी सोडली नाही. हे सगळं मी सोसत होते आणि पुढंही सोसलं असतं. माझा केसानं गळा कापला गेला म्हणून मी सोडली. आता हे गिऱ्हाईकाला पदर दाखवता दाखवता कसं सांगणार? म्हणून इथं सांगते.

आमचं गाव उंद्रीपासून थोडं आत. आमच्या घराला भिंत लावून काकूचं घर. नात्यानं ती आमची कोणी नाही, पण आमच्या वस्तीत नातं असं कागदावर कोणी पाहत नाही. लहानपणी माझी वेणी तिनं घातली आणि शाळेत न गेल्याबद्दल पहिली चापटही तिनंच दिली. तिला मुलगी नव्हती. बारावीनंतर मी नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा बाबांच्या आधी काका, म्हणजे तिचा नवरा, विहारात सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता. "आपली पोरगी नर्स होऊन राह्यली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. मी अजून प्रवेशाच्या रांगेत उभी होते.

पदवी हातात आली आणि मी मलकापूरच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. तेव्हापासून गावाचा माझ्यावर हक्क सुरू झाला. सुटीवर आले की ओट्यावर माणसं हजर. वऱ्हाडात सलाईन लागल्याशिवाय आजार बरा झाला असं कोणी मानत नाही. ताप गेला तरी म्हणतात, "एक बाटली लावून दे नं, अशक्तपणा वाटून राह्यला." मी चिडायचे, भांडायचे, साखर-मीठ-पाण्याचं सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, मंग अर्धी लाव." मला राग यायचा आणि हसूही यायचं. खरं सांगायचं तर आवडायचं. माझा शब्द त्या माणसांना लागत होता. एम.बी.बी.एस. झालेल्यानं सांगितलेलं ते माझ्याकडून पुन्हा तपासून घ्यायचे. "डाक्तर असं म्हणे. तू सांग, खरं हाय का?" मी हो म्हटलं की गोळी पोटात जायची. त्या नोकरीत मला जे काही मिळालं, ते एवढंच होतं आणि ते मला पुरत होतं.

माणसं मग मलकापूरलाच यायला लागली. मध्ये खामगाव लागतं, तिथं दवाखान्यांची काही कमी नाही. पण गाडी खामगावात थांबायची नाही. "आपली पोरगी तिथं हाय," एवढ्या एका वाक्यावर आमच्या बाजूचे पेशंट नांदुरा मागं टाकून मलकापूर गाठायचे. माझी ड्युटी बाळंतपणाच्या वॉर्डात असायची, पण आमच्या बाजूचं कोणीही आलं की मी जेवणाच्या सुटीत त्यांच्या खाटेपाशी जाऊन यायचे.

दवाखान्यात मला आणलं ते मॅडमनी. त्या कॉलेजात आम्हाला शिकवायच्या, नंतर तिथली नोकरी सोडून ह्या दवाखान्यात सगळ्या सिस्टरांच्या वर इंचार्ज म्हणून आल्या आणि आल्या आल्या मला बोलावून घेतलं. मला त्या 'बाळा' म्हणायच्या. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की नातेवाईकांना कधी खोटं सांगायचं नाही. माहीत नसेल तर 'विचारून सांगते' म्हणायचं आणि खरंच विचारून सांगायचं. माझं 'मले-तुले' त्यांनीच मोडलं. "वॉर्डात असं बोललीस तर लोक तुला आया समजतील," म्हणायच्या. मी घासून-पुसून 'मला-तुला' झाले. त्यांच्यासारखं चालायला शिकले, त्यांच्यासारखा शांत आवाज काढायला शिकले. आईनंतर मी कोणाचं डोळे मिटून ऐकलं असेल तर त्या बाईचं.

मागच्या हिवाळ्यात काकाला निमोनिया झाला. साखरेचा आजार जुनाच. दोन-तीन दिवस घरीच काढे घेतले, मग दम लागायला लागला तेव्हा गाडी केली, आणि ती गाडीही खामगावात थांबली नाही. मी फोनवर ओरडले होते, "काकू, खामगावलेच दाखवा, जवळचं पाहा!" काकू म्हणाली, "तिथं आपलं कोण हाय व?"

काका आयसीयूत गेला. आत कोणालाच सोडत नव्हते. बाहेरच्या बाकड्यांवर काकू, तिचा मुलगा, सून आणि दर दिवशी गावाकडून नवीन येणारी चार माणसं. मी ड्युटीच्या आधी आणि नंतर आत जाऊन यायचे आणि बाहेर येऊन सांगायचे. वाईट असलं तर वाईट सांगायचे. "आज जास्त हाय, काकू. ऑक्सिजन वाढवला." काकू मान हलवायची. रडायची नाही. तिला धीर मी देत नव्हते, तिला खरं कळत होतं यानंच तिला धीर येत होता. हे मला तेव्हाही समजत होतं.

त्या दिवशी सकाळी मी आत गेले तेव्हा काकानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं होतं. मग आमच्या वॉर्डात दोन बाळंतपणं एकदम आली आणि मला वर बघायलाही वेळ मिळाला नाही. दुपार व्हायला आली तेव्हा मॅडम स्वतः खाली आल्या. एरवी त्या निरोप पाठवत.

"बाळा, तुमच्या गावची माणसं बाहेर फार आवाज करतायत. गाडी भरून आलेत. जाऊन जरा शांत कर."

मी विचारलं, "काका कसे आहेत?"

"बरे आहेत. झोपेचं इंजेक्शन दिलंय. जळगावला हलवायचं का ते सर आल्यावर ठरवतील. सर बाहेरगावी आहेत, निघालेत."

"मी एकदा पाहून येते."

"आत प्रोसिजर चालू आहे, आत्ता नको. आधी त्यांच्याकडे जा." आणि मी वळले तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या बोलीत सांग. त्यांना पटेल. आणि काहीतरी खायला लाव त्यांना, सकाळपासून उपाशी आहेत."

'तुमच्या बोलीत सांग' हे ऐकून मला खरं तर बरं वाटलं. इतकी वर्षं जी जीभ त्यांनी माझी सरळ केली, तिची आज त्यांना किंमत कळली असं वाटलं. असते एकेक माणसाची अक्कल.

मी बाहेर गेले. काकाचा मुलगा दाराशी तणतणत होता, "सकाळपासून कोणी काही सांगूनच नाही राह्यलं! आमचा माणूस हाय का काय हाय?" मला पाहून तो थांबला. सगळेच थांबले. मी काकूपाशी खाली बसले आणि सांगितलं, "बरे हाय काका. झोपेचं इंजेक्शन देलं. मोठे डाक्तर येऊन राह्यले, ते आले की जळगावले न्यायचं का ते सांगतीन."

काकूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू सांगून राह्यली ना?"

"हो नं काकू. मी सांगून राह्यली. आता दोन घास खाऊन घ्या."

गावाकडून आलेल्यांनी डबे आणले होते. भाकरी, बेसन, कांदा. काकू नाही म्हणत होती. मीच डबा उघडला, मीच भाकर मोडून तिच्या हातात दिली. तिनं खाल्लं. मग मुलानं खाल्लं. मग सगळेच पंगतीसारखे बसले आणि इतक्या दिवसांनी त्यांच्यात थोडं बोलणं-चालणं सुरू झालं. कोणीतरी मलाही घास दिला. मी तो उभ्यानं खाल्ला आणि आत गेले.

आयसीयूचं दार लोटलं तर आत काही प्रोसिजर चालू नव्हती. काकाच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. मॉनिटर बंद होता. जबड्याला खालून वर पट्टी बांधलेली होती. ती पट्टी आम्ही कधी बांधतो हे सांगायला नको. मी काकाचा हात उचलायला गेले, तो कोपरात वाकेना.

मी नर्स आहे. माणूस गेल्यावर अंग इतकं आखडायला किती वेळ लागतो हे मला शिकवलेलं आहे. शिकवलं होतं मॅडमनीच. मी वॉर्डात बाळाची नाळ बांधत होते तेव्हाच काका गेला होता. मॅडम खाली आल्या तेव्हा त्याला जाऊन बराच वेळ झाला होता, आणि मी काकूच्या हातात भाकर दिली तेव्हा तर तो थंड पडलेला होता.

आमच्याकडे माणूस गेला की माती होईपर्यंत त्याच्या घरची चूल पेटत नाही. शेजारचीही पेटत नाही. लहान लेकराला कोणी गपचूप बिस्किट देतं, बाकी कोणी पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. देव-धर्म सोडलेल्या आमच्या वस्तीनंही हे सोडलेलं नाही, कारण ह्यात देव नाहीच. आपलं माणूस पुढं पडलेलं असताना घास उतरत नाही, एवढीच ती गोष्ट आहे. आणि मी भिंतीच्या अलीकडे काकाला ठेवून पलीकडे सगळ्यांना जेवू घालून आले होते.

मी मॅडमकडे गेले. त्या केबिनमध्ये फोनवर होत्या. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. 'का' एवढंच परत परत बोलले असेन. त्यांनी फोन ठेवला. आवाज तोच, शांत.

"सर पोचेपर्यंत त्यांना कळू द्यायचं नव्हतं. गाडीभर माणसं होती. तोडफोड झाली असती, बाकीच्या पेशंटचं काय झालं असतं? विचार कर."

"मंग मले तं सांगायचं होतं!" मी दवाखान्यात आहे हे विसरून ओरडले.

त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं, बाळा."

कोणी खोटं बोल म्हणून सांगितलं असतं तर मी भांडले असते, नाही म्हटलं असतं, दार आपटून गेले असते. त्यांनी मला तेवढीही संधी दिली नाही. माझा खरेपणाच त्यांनी वापरला. भरलेली घागर कोणी ओतून रिकामी करावी तसा माझा जीव झाला, आणि वर 'बाळा'.

तेवढ्यात सर पोचले. पांढरा कोट चढवून ते बाहेर गेले, मागून मॅडम, त्यांच्या मागून मी. नातेवाईकांना त्यांनी सांगितलं, "आम्ही खूप प्रयत्न केले. आत्ताच गेले."

काकूनं एकदम माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हणाले, "आत्ता नाही. सकाळीच गेले."

मग मुलगा सरांच्या अंगावर धावला, "सकाळी? मंग बरे हाय म्हणून काऊन सांगतलं?" तर सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आम्ही असं काही सांगितलेलं नाही. ह्या सिस्टर तुमच्या गावच्या आहेत ना? ह्या काय सांगून आल्या ते ह्यांनाच विचारा. ह्यांची तर ड्युटीही इकडे नाही."

मी मॅडमकडे पाहिलं. एवढं एकच वाक्य हवं होतं, 'मी पाठवलं होतं तिला.' त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका शांत होता की त्यावर काहीसुद्धा दिसत नव्हतं.

तोडफोड वगैरे काही झाली नाही. आमच्या माणसांना एवढं भ्यायच्या आधी मॅडमनी ती माणसं ओळखायला हवी होती. काकू उठली, कोपऱ्यातल्या नळापाशी गेली आणि घशात बोटं घालून जेवलेलं ओकून टाकायचा प्रयत्न करू लागली. सून तिला धरून होती. मी पुढं गेले तर सुनेनं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

त्याच दिवशी तिथली नोकरी सोडायची ठरवून मी कपडे बदलायच्या खोलीत सामान भरत होते. तिथं आमच्यातली एक मलकापूरचीच मुसलमान सिस्टर दार लावून आत आली. तिच्या मोहल्ल्यातले सगळे पेशंट तिच्या नावावर यायचे. ती म्हणाली, "मुझे भी भेजा था. हमारे मोहल्ले का पेशंट था तब." मी विचारलं, "मग तू का नाही सोडलं?" तिनं माझ्या पिशवीची चेन लावून दिली आणि म्हणाली, "अब्बा बिस्तर पे हैं." तेव्हा मला दिसायला लागलं की संग्रामपूरकडची एक, नांदुऱ्याची एक, मोहल्ल्यातली एक, आमच्या बाजूची मी, असं दर दिशेचं एक माणूस त्या दवाखान्यानं उगीच नव्हतं ठेवलं. चांगल्या दिवशी आम्ही पेशंट आणत होतो. वाईट दिवशी त्याच पेशंटच्या माणसांपुढं आम्हाला उभं करायचं, अशी ती रीत होती. मला वाटत होतं, माझे मार्क पाहून मॅडमनी मला बोलावलं.

गावात माझ्याआधी बातमी पोचली होती आणि गावाच्या चवीनं शिजली होती. मला पेशंटमागं कमिशन मिळतं, असं कोणीतरी म्हणालं. बाबा विहारातून आले ते न जेवता झोपले. सुटीत ओट्यावर येणारी माणसं दिसेनाशी झाली. जलदानविधीला मी आईसोबत गेले, बायकांत मागं बसले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं आणि उठून आले. काकू माझ्याशी बोलली नाही, आणि कोणाशीच बोलत नव्हती म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

तरी मी नर्सिंग सोडलं नव्हतं, हे मला सांगायचं आहे. एका बाईनं फसवलं म्हणून चार वर्षांचं शिक्षण मी थोडंच पाण्यात घालणार होते? उलट मला जिद्द आली होती. बुलढाण्याच्या एका दवाखान्यात मी जागा मिळवली. सोमवारी हजर व्हायचं होतं. गावाचं काय, आज तोंड फिरवतं, उद्या ताप आला की परत ओट्यावर येतं. सवय होती मला.

जायच्या आधी काकूला भेटावं म्हणून रविवारी तिच्याकडे गेले. सून दारातच होती. तिनं आत ये म्हटलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सकाळी खातात, संध्याकाळी खातात. दुपारी ताट पुढं केलं का उठून जातात. तवापासून असंच चालू हाय."

काकू आत वाकळ शिवत बसली होती. मी समोर बसले. माफी मागायला तोंड उघडलं तर तिनंच अडवलं.

"तुहा राग नाही मले. तुले बी फसवलं त्याईनं. पोरानं तिथल्या एका सिस्टरले विचारून सांगतलं मले सारं."

मला इतकं मोकळं वाटलं की मी रडायलाच लागले. म्हटलं, काकूला कळलं म्हणजे बस, गाव गेलं खड्ड्यात. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग तशीच, काही जुनं आठवल्यासारखी, म्हणाली,

"पण तो डाक्तर येऊन म्हटला असता नं का जेवा, तं म्या घास नसता गिळला. ते मॅडम म्हटली असती तरी नसता गिळला. तू म्हटलं म्हणून जेवली मी."

आणि तिनं सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला, कारण तिला आता नीट दिसत नाही. मी ओवून दिला.

सोमवारी सकाळी आई मला उठवायला आली, बुलढाण्याची गाडी चुकेल म्हणाली. मी म्हटलं, मी जाणार नाही. तिला वाटलं, गाव आपल्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून पोरगी खचली. ती समजूत घालायला बसली, "येतीन व लोक परत. ठेवतीन तुह्यावर भरोसा."

मी तिला म्हटलं, "त्याचंच भेव वाटून राह्यलं मले."